जवळजवळ निश्चित

बावीस.
मोजून बावीस सेकंद तू श्वास घेतला नाहीस, आर्विड्स.
मग एक बारीक घोट,
मग त्याहून मोठा, मग छाती भरून,
जिना धावत चढल्यासारखा,
आणि पुन्हा पायरी पायरीने खाली.
पुन्हा काही नाही.

लिएपायाच्या या इस्पितळात खिडक्या नीट लागत नाहीत.
समुद्रावरचा वारा फटीतून येतो
आणि तुझ्या तक्त्याचा कागद फडफडवतो.
डॉक्टर इल्झे, आपल्या नातीच्या वयाची,
मला हळू आवाजात समजावत होती:
हृदय थकलंय, रक्त रेंगाळतं,
फुप्फुसातली बातमी मेंदूला उशिरा पोचते,
मेंदू हुकूम सोडतो तो मघाच्या श्वासासाठी.
बैल गेला आणि झोपा केला.
मी मान डोलावली. सांगितलं नाही
की एकतीस वर्षं मी फळ्यावर हेच लिहीत होते,
डाव्या कोपऱ्यात, खडूने, टाऊ:
विलंब.

मुलांना वसतिगृहातल्या नळाचं उदाहरण द्यायचे.
पाणी गार, म्हणून गरम चकती फिरवता,
पाणी गारच, म्हणून आणखी फिरवता,
आणि मग किंचाळत बाहेर.
सगळे हसायचे.
हसू ओसरलं की म्हणायचे, बघा,
हात बरोबर, पाणी बरोबर,
मधला पाईप तेवढा लांब.

आपला पाईप तर अटलांटिकएवढा होता.
तू मासेमारीच्या जहाजावर, सहा सहा महिने,
आणि पत्राला लागायचे पाच आठवडे.
तू रागावून लिहायचास आणि विसरायचास,
मी तो राग ताजा समजून उत्तर द्यायचे,
ते तुला पोचेतो मी निवळलेली
आणि तू नव्याने पेटलेला.
प्रत्येक फेरीत थोडं जास्त.
त्या वर्षाचा आलेख मी काढू शकले असते.
शेवटचं शिखर ऑक्टोबरात:
त्या पत्रात मी लिहिलं होतं, परत येऊ नकोस.

ते तुला मिळालंच नाही.
कुठल्या बंदरात, कुठल्या पोत्याखाली,
कुणा कारकुनाच्या आळसाने हरवलं, ठाऊक नाही.
डिसेंबरात तू आलास, दाढी वाढलेली,
हातात वाळवलेल्या माशांची जुडी,
आणि विचारलंस, बरेच दिवस पत्र नाही, बरी आहेस ना?
मी म्हटलं, बरी आहे.

नंतर मी एक छोटं प्रमेय सिद्ध केलं.
गोंगाट नेहमी मोडतोच असं नाही.
कधी कधी (अटी फार कडक आहेत)
कोलमडणारी गोष्ट
त्याच्याच आडव्यातिडव्या धक्क्यांनी उभी राहते.
कुणीतरी विचारलं, हे सुचलं कशावरून?
टपाल खात्यावरून, मी म्हटलं.
लोकांना विनोद वाटला.

प्रमेयाच्या शेवटी आम्ही लिहितो: जवळजवळ निश्चितपणे.
म्हणजे न सावरणाऱ्या वाटाही असतात,
पण सगळ्या मिळून त्यांचं वजन शून्य.
लिहिताना कधी मनात आलं नाही
की माणसाच्या वाट्याला वाट एकच येते
आणि तिला वजन असतं.
अठ्ठावन्न किलो, आज सकाळी.

आणखी एक गोष्ट शिकवायचे, मुलं कंटाळायची:
विलंबाच्या समीकरणाला आरंभ म्हणून
एक क्षण पुरत नाही,
मागचा अख्खा तुकडा हातात द्यावा लागतो.
तर हा घे.
ऑक्टोबर. निळी शाई. दोन पानं.
उशिरा देतेय, पण तुझं कान ते मेंदू अंतर
आता नेमकं किती, मलाही माहीत नाही.
पोचेल तेव्हा पोचेल.
रागावलास तर रागाव,
मी उत्तर द्यायची घाई करणार नाही.

अठरा. एकोणीस.
बाहेर कुणाच्या तरी हातून ट्रे पडला,
चमचे लांबवर घरंगळत गेले.
तुझी पापणी हलली, की वाऱ्याने दिवा?
वीस.
एकवीस.